सामान्यांच्या मोटारीचा जीर्णोद्धार

संस्थानिकांच्या मोटारींना या देशात जतनाची वाण कधी पडली नाही. उदयपूरच्या राजघराण्याने आपला मोटारसंग्रह लोकांना पाहावयास खुला ठेवला आहे. अहमदाबादजवळ कठवाडा येथे रोल्स-रॉइससारख्या भारी मोटारींचा विस्तीर्ण संग्रह आहे. आणि मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांची संचलने निघतात, तेव्हाही लोकांची दृष्टी प्रथम जाते ती लांबलचक बॉनेटच्या, चकचकीत दिव्यांच्या विलायती गाड्यांकडेच. परंतु ज्या मोटारीने महाराष्ट्रातल्या डॉक्टर-वकिलांना, दुकानदारांना आणि काटकसर करून पुंजी साठविणाऱ्या नोकरदारांना चार चाकांवर बसविले, जिच्यासाठी लोकांनी अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती फियाट (पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले) मात्र बंगल्यामागच्या पडवीत, सोसायटीच्या आवारातल्या कोपऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर आपली अखेर गाठीत आहे. तिच्या रक्षणासाठी कोणतेही संस्थान पुढे येणार नाही. ते व्हावयाचे तर ज्याच्या दारात ती उभी आहे त्या बेताच्या उत्पन्नाच्या गृहस्थाच्याच हातून होईल, आणि त्याचा पहिला प्रश्न खर्चाचा असेल. तुटपुंजा पैसा हा या कामातला सर्वांत विश्वासू सल्लागार ठरू शकतो, असे माझे मत आहे, आणि ते येथे सकारण मांडावयाचे आहे.

प्रथम या गाडीचे कुलवृत्त. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात निर्माण झाल्या पाहिजेत असा ध्यास घेतला होता, आणि त्यातूनच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. परंतु स्वातंत्र्योत्तर सरकारने, जे सुटे भाग आणून केवळ जुळणी करतात त्यांना येथे थारा नाही, उत्पादन करणाऱ्यांनाच राहता येईल, असे धोरण १९५३च्या सुमारास स्वीकारले. जनरल मोटर्सने आपला शिवडीचा कारखाना बंद केला तो याच धोरणामुळे. त्याच सुमारास, म्हणजे १९५३ साली, इटलीच्या फियाट कंपनीने दान्ते जिआकोसा या विख्यात अभियंत्याच्या नेतृत्वाखाली घडविलेली ‘११००’ ही छोटेखानी मोटार जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली, आणि लौकरच ती कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ साली तिची ‘डिलाइट’ आवृत्ती आली आणि १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव घेऊन ती ‘पद्मिनी’ झाली. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि तेथून पद्मिनीची उतरती कळा सुरू झाली; तरी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती निघत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर ती शहराची ओळखच होऊन बसली होती. टॅक्सीला घालून दिलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपताच, २०२३च्या ऑक्टोबरात, त्या रूपातही तिने निरोप घेतला.

अल्प पैशांत करावयाच्या जीर्णोद्धाराला हीच गाडी योग्य का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ घन सेंटिमीटरचे, पाण्याने थंड होणारे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करण्याचे काम एकच कार्बुरेटर करतो, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ठरवितात, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत, पुढे स्प्रिंगा व मागे पाटे आहेत, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर आहे. या यंत्रात संगणक नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा हाताला लागते. आजच्या गाडीत बिघडलेला भाग काढून टाकून त्याच्या जागी नवा बसविण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. या गाडीतला बहुतेक प्रत्येक भाग उघडून, घासून, बुश बदलून पुन्हा कामाला लावता येतो.

गाडी विकत घ्यावयाची असो वा घरचीच असो, पहिली तपासणी इंजिनाची नव्हे, कागदपत्रांची करावी. नोंदणीपुस्तक, ज्याला आपण आर.सी. बुक म्हणतो, ते मूळ स्वरूपात आहे काय. त्यातले चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळतात काय. एखाद्या पतपेढीचा किंवा बँकेचा बोजा त्यावर चढविलेला असून तो उतरवावयाचा राहून गेला आहे काय. कर भरलेला आहे काय. आणि मूळ मालक दिवंगत झाला असल्यास वारसांची संमती लेखी आहे काय, हे सारे नजरेखालून घातल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये. दस्तऐवजांवाचूनची मोटार कितीही देखणी केली तरी कायद्याच्या दृष्टीने ती रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि तिच्यावरचा सारा खर्च बुडीत खाती जमा होतो.

दुसरी तपासणी पत्र्याची, आणि हीच खरोखर निर्णायक. पूर्वीच्या अनेक मोटारींत एक भक्कम लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर वरची बॉडी बसविलेली असे. फियाटमध्ये असा स्वतंत्र सांगाडा नाही. तिची जमीन, तिच्या दारांखालचे पोकळ पट्टे, मागच्या पाट्यांच्या बैठका आणि छताचे खांब मिळूनच तिचा कणा झालेला आहे. म्हणून तिला लागलेला गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही, तो बळाचा प्रश्न होतो. पायपुसणी उचलून जमीन पाहावी. जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचा तबकडीवजा पत्रा, डिकीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा पाहाव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज खणखणीत येतो की बद्द, हे ऐकावे. लहानसे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरविले तर जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून जाड लांबी भरलेली आहे असे समजावे. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत वाढलेल्या गाडीपेक्षा सोलापूर-सांगलीकडची कोरड्या हवेतली गाडी रंगाने उडालेली दिसली तरी आतून बहुधा अधिक निरोगी असते. थोडके पैसे असणाऱ्याने चांगल्या पत्र्याची व बिघडलेल्या इंजिनाची गाडी निःशंक घ्यावी. चांगल्या इंजिनाची पण कुजलेल्या पत्र्याची गाडी फुकट मिळाली तरी नम्रपणे नाकारावी. इंजिनाचा खर्च आगाऊ अजमावता येतो, परंतु गंजाचा खर्च पत्रा उकलीत जावे तसतसा वाढत जातो.

आता पैशाची तजवीज. जी रक्कम आपण खर्चू शकतो तिचा चौथा हिस्सा प्रारंभीच बाजूला काढून त्याला हात लावू नये, कारण जुन्या यंत्रात न दिसणारे दोष असतातच. उरलेल्या रकमेचा क्रम असा ठेवावा: प्रथम बळकटीसाठी लागणारे पत्र्याचे काम, मग ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, त्यानंतर इंजिन, मग वायरिंग, आणि सर्वांत शेवटी रंग व कुशनचे काम. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या गृहस्थाला हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो. रंग दिलेली गाडी शेजाऱ्यांना दाखविता येते, नवा मास्टर सिलिंडर कोणाला दाखविता येत नाही. परंतु अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या गॅरेजांतून धूळ खात पडलेल्या दिसतात, त्यांच्यातल्या पुष्कळ गाड्यांचा पैसा रंगावर संपलेला असतो आणि इंजिन अजून पेटीत असते. प्रत्येक खर्चाची नोंद एका वहीत तारीखवार ठेवावी; प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे; आणि काढलेले नटबोल्ट ज्या त्या जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत.

ब्रेकच्या बाबतीत काटकसरीला जागा नाही, तरी उधळपट्टीचीही गरज नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांतले लहान सिलिंडर आतून खड्डे पडून खराब झालेले असतात. खड्डे उथळ असतील तर ते घासून गुळगुळीत करता येतात. खोल असतील तर कुशल टर्नर लेथवर त्यात नवी नळी बसवून मूळ मापाचे सिलिंडर करून देतो. रबरी वॉशर, नळ्या आणि ब्रेकशूंचे लायनिंग मात्र नवेच घालावे, आणि त्या यंत्रणेत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने रबर फुगून ब्रेक अडकतात. टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून समाधान मानू नये. त्याच्या कडेवर शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढले दोन वर्षाचे, त्यांवरून त्याचे वय कळते, आणि वय झालेले रबर वेगात दगा देते. मूळ गाडीत सीटबेल्ट नसल्यास ते मजबूत जागी बसवून घ्यावेत. मूळ रूपाच्या निष्ठेसाठी माणसांचे प्राण पणाला लावणे हा जीर्णोद्धार नव्हे.

बंद पडून राहिलेले इंजिन धक्का मारून किंवा स्टार्टर दाबून सुरू करण्याची घाई केली की पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्रथम स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, ते काही दिवस मुरू द्यावे, आणि मग क्रँक हाताने हळूहळू फिरवून पाहावा. तो मोकळा झाल्यावर कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडरांतील दाब मोजावा. एखाद्यात दाब कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. या एका परीक्षेने संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च पुष्कळदा वाचतो, कारण केवळ हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले तरी भागते. ॲल्युमिनियमचे हेड एकदा अतितप्त झाले की वाकते; ते मशीनवर सपाट करून घ्यावे आणि बसविताना त्याचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. बोअर झिजला असेल तर मोठ्या मापाचे पिस्टन घालून तो वाढविता येतो, आणि बिडाच्या ब्लॉकचे आयुष्य त्यामुळे पुन्हा सुरू होते.

इंधनाविषयी एक खबरदारी आजच्या काळात अधिक महत्त्वाची झाली आहे. ही गाडी ज्या काळात घडली त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि अलीकडे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर सडविते. म्हणून पेट्रोलची टाकी आतून स्वच्छ करून घेणे, पंपाचा पडदा आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घालणे, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्बुरेटरमध्ये पेट्रोल साचू न देणे, ही तीन कामे अत्यल्प खर्चाची असून आगीसारख्या मोठ्या संकटाचे निवारण करणारी आहेत.

सुट्या भागांचा शोध ही या व्रतातली दीर्घ तपश्चर्या होय. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठेतली दुकाने आणि जुना बाजार येथे अद्याप फियाटचे भाग सापडतात. परंतु टॅक्सी बंद झाल्यापासून त्यांचा ओघ आटत चालला आहे. म्हणून आज गरज नसली तरी पुढची काच, दिव्यांची कडी, हबकॅप किंवा दारांचे रबर चांगल्या स्थितीत दिसले तर ते घेऊन ठेवणे शहाणपणाचे. झिजणाऱ्या लहान वस्तू, म्हणजे पिना, बुश आणि दांडे, नमुना दाखवून लेथवर करून घेता येतात. काढलेला जुना भाग, तो कितीही निकामी दिसो, नवा बसून नीट चालू होईपर्यंत टाकून देऊ नये, कारण त्याचे माप हाच पुढचा एकमेव आधार असतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्याकडे कित्येक हेमाडपंती देवळांना भाविकांनी अत्यंत श्रद्धेने ऑइलपेंटचे थर दिले आणि त्याखाली शिल्पकाराच्या छिन्नीच्या सर्व खुणा बुजवून टाकल्या. पैसा मुबलक असला की मोटारीचेही तसेच होते. मूळचा पंखा थोडा घासला होता तो फेकून चीनमध्ये बनलेला चकचकीत पंखा येतो, सुती शिवणीचे रेक्झिन जाऊन कातड्याची नकल येते, कुर्ल्याच्या कारखान्याने दिलेला सौम्य रंग जाऊन प्रदर्शनी लाल रंग येतो, आणि शेवटी जी गाडी उभी राहते ती पद्मिनीच्या आकाराची असली तरी तिच्या हयातीची साक्ष देणारे तिच्यात फारसे काही उरत नाही. ज्याच्याजवळ पैसा बेताचा आहे तो प्रत्येक वस्तू बदलण्यापूर्वी ती वाचविता येईल काय, असा विचार करतो. जुना रंग बहुतांशी शाबूत असेल तर तो कंपाउंडने घासून उजळतो आणि जेथे पत्रा दुरुस्त झाला तेवढ्याच जागी रंग मारतो. वाकलेला पत्रा लांबीने भरून काढण्याऐवजी टिंकरकडून ठोकून सपाट करवितो. क्रोम गेलेल्या बंपरला पूर्ण प्लेटिंग करण्याआधी तो साफ करून पाहतो. अशा रीतीने त्याच्या गाडीत कारखान्याच्या कामगाराने केलेली जुळणी, पहिल्या मालकाने केलेला वापर आणि आजच्या कारागिराची दुरुस्ती या तिन्हींचा दाखला एकत्र राहतो. म्हणूनच मी म्हणतो की हात आखडता असल्याने हे काम अधिक सत्यनिष्ठ होते.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२२च्या एप्रिलपासून या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली २० वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांहून अधिक वयाच्या व मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे असून अशा गाडीला नित्याच्या किंवा व्यापारी वापराची मुभा नाही. प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली फियाट ज्याच्याजवळ आहे त्याने वाटेल तसे फेरफार करण्यापूर्वी या तरतुदीचा विचार करावा, कारण इंजिन किंवा बॉडी मुळापासून बदलली तर तो मार्ग बंद होतो.

जुनी मोटार धूर अधिक करते, मग ती राखावी कशाला, हा आक्षेप टाळून चालणार नाही. तो खरा आहे, आणि म्हणूनच अशी मोटार रोजच्या वापरासाठी राखू नये. कार्बुरेटर आणि पॉइंट नीट जुळविलेली, पी.यू.सी. वेळच्या वेळी घेतलेली आणि सणासुदीला किंवा रविवारी सकाळी थोडके अंतर चालविली जाणारी गाडी हवेवर जो भार टाकते तो अल्प असतो. त्याच्या मोबदल्यात स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीने काय घडविले आणि कसे वापरले, याचा चालताबोलता दस्तऐवज आपल्याजवळ राहतो.

या दस्तऐवजाचा एक भाग पत्र्यात नाही, तो माणसांत आहे. ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर फियाटची इंजिने उघडली, जे केवळ आवाजावरून टॅपेटमधले अंतर अधिक की कमी हे सांगतात, ते आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांच्या मुलांनी हा धंदा सोडला आहे. त्यांच्या कसबाचे कोठेही पुस्तक झालेले नाही. म्हणून गाडी गॅरेजमध्ये सोडून हिशेब विचारण्यासाठी तेवढे जाण्याऐवजी मालकाने स्वतः शेजारी बसावे, हात काळे करावेत, प्रश्न विचारावेत आणि उत्तरे आपल्या त्याच खर्चाच्या वहीत टिपून ठेवावीत. मजुरीचा पैसा त्यामुळे वाचतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची फियाट अशी उभी आहे त्यांनी संपूर्ण रकमेची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नये, कारण दर पावसाळा तिच्या जमिनीतला थोडा पत्रा खाऊन जातो, आणि गेलेला पत्रा पैशाने तेवढ्याच प्रमाणात परत येत नाही. पहिली कामे जवळजवळ विनाखर्चाची आहेत: गाडी कोरड्या छपराखाली आणावी, चाके विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावीत, आतली ओली पायपुसणी काढून टाकावी, बॅटरी उतरवावी, कागदपत्रे शोधून एका फायलीत लावावीत आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रीला घरी बोलावून गाडी दाखवावी. एवढे झाले की उरलेले काम वर्षभरात होवो वा पाच वर्षांत, ते होण्याजोगे राहते.